मान्या आणि शाल्मलीची मान

चाळीसगावच्या स्टेशन रस्त्यावर कोठावद्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दुकानाच्या वर त्यांचं घर, आणि त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर रोज सकाळी चहाच्या आधी एक विमान उतरायचं.

"शालू, उतर बाई लवकर. मला टेबल हवंय," कुंदामामी स्वयंपाकघरातून ओरडायची.

"मामी, दोनच मिनिटं. शेवटच्या वळणावर आहे."

"तुझं वळण होईस्तोवर माझे पोहे गार होतील."

"झाकण ठेव ना!"

"कशावर, विमानावर?"

सुधाकरमामा वर्तमानपत्राच्या आडून हसत आणि पडद्यावरची धावपट्टी जवळ येताना बघत. शाल्मली त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बारावी झाल्यावर ती पाचोऱ्याहून मामांकडे राहायला आली होती, कारण चाळीसगावच्या बाहेर नवी धावपट्टी झाली होती आणि तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण केंद्र निघालं होतं. आठ-दहा माणसं बसतील अशी विजेवरची लहान विमानं आता तालुक्या-तालुक्यांतून उडू लागली होती. एसटी स्टँडसारखे त्यांचे थांबे झाले होते आणि चालवायला माणसं पुरत नव्हती. म्हणून एक सवलत मिळाली होती. शिकाऊ वैमानिकानं उड्डाणाचे निम्मे तास घरच्या सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या लुटुपुटुच्या विमानावर, केले तरी ते धरले जात. अट एवढीच, की त्या सिम्युलेटरला मान मोजणारं यंत्र जोडलेलं हवं.

यंत्र होतं सुपारीएवढं. ते हेडफोनला चिमट्यानं अडकवायचं. खोक्यावर 'शीर्षगती मापक' असं भारदस्त नाव छापलेलं होतं. शाल्मलीनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं: मान्या.

मामांना समजावून सांगायची भारी हौस. नंबर तपासायला आलेल्या पोराला भिंग कसं काम करतं हे सांगितल्याशिवाय ते खुर्चीवरून उठू देत नसत. त्यामुळे मान्या घरात आल्यावर मामीची सुटका नव्हती.

"हे बघ कुंदा. खऱ्या विमानात डावीकडे बघायचं तर मान डावीकडे वळवायची. बरोबर?"

"त्यात काय सांगताय!"

"पण इथे पडदा आहे समोर. मान पुरती डावीकडे वळवलीस तर काय दिसेल?"

"फ्रीज."

"शाबास. म्हणून हा मान्या काय करतो, तू मान बोटभर वळवलीस की पडद्यावरचं जग हातभर वळवतो. डोळे पडद्यावरच राहतात, पण दिसतं मात्र पंखाच्या टोकापलीकडचं."

"म्हणजे थोडं करायचं आणि जास्त दाखवायचं. तुमच्या भावासारखं."

मामांनी घाईघाईनं मान्या खोक्यात परत ठेवला.

पहिले काही दिवस शाल्मलीचे हाल झाले. जरा मान हलली की आकाश गरकन फिरे. तिला मळमळायचं. मान आखडायची, मग मामी रात्री तेल चोळून द्यायची. मामा म्हणायचे, "नव्या चष्म्याचं असंच असतं. आधी जमीन वर आल्यासारखी वाटते, पायरी चुकते. मेंदूला थोडा वेळ दे. मान किती वळली आणि जग किती सरकलं, याचं एक प्रमाण त्याच्याकडे पक्कं असतं. कानाच्या आत एक चिमुकला तोल असतो, तो मान वळल्याचं सांगतो, आणि डोळे जग सरकल्याचं सांगतात. दोघांचं जमेनासं झालं की पोटात ढवळतं. मग मेंदू गुपचूप नवं प्रमाण बसवून घेतो, आणि आपल्याला पत्तासुद्धा लागत नाही."

झालंही तसंच. मळमळ गेली, मान दुखायची थांबली. शिवाय हा मान्या नव्या पिढीचा, शिकणारा होता. आपल्या माणसाला काय बघायचंय हे तो ओळखू लागे आणि दिवसागणिक थोड्या कमी हालचालीवर भागवी. वापरणाऱ्याची मान दमू नये म्हणून. मान्या शाल्मलीला शिकत होता, शाल्मली मान्याला. तीस वर्षांच्या संसारात मामांची बोटं टेबलावर नुसती वाजली की मामी मिठाची वाटी पुढे सरकवायची, तसं त्या दोघांचं जमलं. महिन्या-दोन महिन्यांत शाल्मली सिम्युलेटरवर बसली की देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी दिसू लागली. पडद्यावर डोंगर, नदी, आकाश गरागरा फिरायचं, आणि मान हलली की नाही हे शेजारी बसलेल्यालाही कळायचं नाही.

"वा!" मामा म्हणाले. "याला म्हणतात सराव."

केंद्रावरून फोन आला तेव्हा मामा एका आजीबाईंच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होते. शाल्मलीच्या प्रशिक्षिका कॅप्टन फरजाना इनामदार यांनी मामांना भेटायला बोलावलं होतं. मामा पेढे घेऊन गेले. त्यांना वाटलं, भाची एकटीनं उडणार, त्याची तारीख सांगायची असेल.

कॅप्टन इनामदार पन्नाशीच्या, काटक बाई होत्या. पेढ्यांचा पुडा त्यांनी न उघडताच बाजूला सरकवला.

"कोठावदे साहेब, मुलगी हुशार आहे. हात हलका आहे तिचा. पण मी तिला एकटीला सोडणार नाही."

"काय झालं, मॅडम?"

"वळायच्या आधी त्या बाजूला बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, 'लेफ्ट क्लिअर'. म्हणजे डावीकडे कोणी नाही. काल डावीकडे घारी होत्या. चांगल्या पाच-सहा. हिनं न बघता 'लेफ्ट क्लिअर' म्हटलं आणि विमान वळवायला लागली. मी कंट्रोल घेतला म्हणून निभावलं. आणि खाली उतरल्यावर मला म्हणते, मी बघितलं होतं." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ही पहिली वेळ नाही. चूक मला चालते, साहेब. चुकायलाच येतात मुलं. खोटं चालत नाही. आकाशात खोटं बोलणाऱ्याला मी परवाना मिळू देणार नाही. एक शेवटची परीक्षा घेईन. नाही जमलं तर तिनं पाचोऱ्याला परत जावं."

घरी शाल्मली पालथी पडून रडत होती. मामी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"मामा, मी खोटं नाही बोलत. आईशपथ. मी डावीकडे बघितलं, आकाश मोकळं होतं. त्या मॅडमचाच माझ्यावर राग आहे."

मामा पलंगाच्या कडेवर बसले. दुकानात रोज असा एक जण तरी येई. तो म्हणे, चष्म्यातून नीट दिसत नाही. यंत्र म्हणे, नंबर बरोबर आहे. इतक्या वर्षांत मामा एक गोष्ट शिकले होते. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं आणि यंत्रही नसतं. दोघांच्या मध्ये कुठेतरी काहीतरी वाकलेलं असतं. इथे बाईंनी जे पाहिलं ते खरं होतं आणि पोरही खरं बोलत होती. मग वाकलं होतं काय?

संध्याकाळी तिचं मन रमावं म्हणून ते तिला शेवभाजी खायला घेऊन निघाले. घाट रोड ओलांडायचा होता. आताशा रस्त्यावरच्या गाड्या विजेवरच्या, आवाज न करता येणाऱ्या. कानांवर भरवसा ठेवायची सोय राहिली नव्हती. शाल्मली कडेला थांबली आणि पाऊल टाकून चालू लागली. मामांनी तिचा दंड धरून मागे खेचलं. केळीचे घड लादलेला टेम्पो तिच्या ओढणीला वारा घालत निघून गेला.

"अगं, बघायचं नाही का?"

"बघितलं की मी!"

"कधी?"

"आत्ता! इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग निघाले."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. ती निघाली तेव्हा त्यांची नजर तिच्याच चेहऱ्यावर होती. ती हनुवटी जागची हलली नव्हती. मामा शेवभाजी विसरले. "चल दुकानात," ते म्हणाले. "आणि मामीलाही खाली बोलाव. प्रयोगाला दोन माणसं लागतात."

दुकानात त्यांनी शाल्मलीला नंबर तपासायच्या खुर्चीवर बसवलं.

"समोर आरसा आहे. दार तुझ्या डाव्या हाताला, बरोबर काटकोनात. दिसलं? आता डोळे मीट. खांदे हलवायचे नाहीत. मान वळवून दाराकडे तोंड कर, आणि नाक दारासमोर आलं असं वाटलं की सांग."

शाल्मलीनं डोळे मिटले. मान जराशी हलली न हलली.

"आलं."

"नक्की?"

"हो मामा. दारासमोरच आहे मी."

"उघड डोळे."

तिच्यासमोर आरशाची कडा होती. दार कुठच्या कुठे राहिलं होतं. शाल्मली खुदकन हसली. "थांबा, परत." परत तेच झालं. तिसऱ्या वेळी ती हसली नाही.

मग मामी बसली. डोळे मिटून तिनं मान वळवली ती थेट दारासमोर. "उघडू का डोळे? भाजी करपेल," ती म्हणाली.

"मान्याबरोबर राहून तुझ्या मेंदूनं नवं प्रमाण बसवलंय," मामा शाल्मलीला हळूच म्हणाले. "एवढीशी मान हलली की त्याला वाटतं, पुरतं वळून झालं. आणि एकदा बघून झालं असं मनानं ठरवलं ना शालू, की डोळ्यांना कोणी विचारत नाही. तू घारी लपवल्या नाहीस. त्या दिशेला तू गेलीच नव्हतीस."

"म्हणजे मी खोटी नाही," शाल्मली म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आधी उजेड आला आणि मग तो मावळला. "मामा, हे मॅडमना सांगायचं नाही."

"का गं? सांगितलंस तर आळ जाईल तुझ्यावरचा."

"आळ जाईल आणि घरचे सगळे तास बाद होतील! माझे एकटीचे नाही, सगळ्यांचे. मान्या सगळ्यांकडे आहे. मुलं म्हणतील, स्वतःला जमेना म्हणून हिनं आमचं बिघडवलं. मी गुपचूप सुधारते ना. कळणार कोणाला?"

"तुझ्याबरोबरची मुलंही अशीच रस्ता ओलांडत असतील," मामी मध्येच म्हणाली.

"मामी, तू गप्प बस ना!"

मामांना वाटलं, आत्ता उठावं आणि बाईंना फोन करावा. पण तसं केलं तर पोर परवान्यापर्यंत पोचेल, आपल्यापर्यंत मात्र परत यायची नाही. "मी सांगणार नाही," ते म्हणाले. "सांगितलंस तर तूच सांगशील. खुर्ची इथेच आहे, मॅडमना दाखवावीशी वाटली तर घेऊन ये."

दोन दिवस टेबलावर विमान उतरलं नाही. शाल्मली मामांशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलत होती. मामी दोघांमध्ये निरोप्याचं काम करून वैतागली. "एकाच टेबलाशी बसून मला कशाला सांगता, मीठ हवंय म्हणून! मी काय टपाल आहे?"

तिसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेचं दार ढकलून कॅप्टन इनामदार आत आल्या. मागे शाल्मली, डोळे सुजलेले.

"ही म्हणते, खुर्चीत बसून बघा," बाई म्हणाल्या. आवाजात विश्वास फारसा नव्हता. "दाखवा तुमचा प्रयोग."

मामांनी दाखवला. शाल्मलीची मान पुन्हा आरशाच्या कडेशी थांबली.

"हे मुद्दामही करता येतं," बाई म्हणाल्या. "उठ. मला बसू दे."

त्यांनी डोळे मिटले आणि सावकाश, वैमानिकाच्या ऐटीत मान वळवली. "हे बघा. दार."

बाईंनी डोळे उघडले. त्यांचं नाक दाराच्या अलीकडे असलेल्या चष्म्यांच्या कपाटाकडे होतं.

"मॅडम, तुम्ही पण घरी मान्या वापरता?" शाल्मलीनं विचारलं.

"रोज. तुमचे धडे बसवायला." कॅप्टन इनामदारांनी कपाटापासून दारापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. मग एकदम हसल्या. "अठ्ठावीस वर्षं उडतेय मी. आणि त्या चिमटीएवढ्या सुपारीनं माझी मान पळवली!" हसू थांबल्यावर त्या शाल्मलीकडे वळल्या. या वेळी खांद्यांसकट, पूर्ण. "मी तुला खोटारडी म्हटलं होतं. ते चुकलं माझं. आणि तू आली नसतीस, तर मी आणखी कितीजणींना म्हटलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून केंद्रानं सगळ्या मान्यांचं आपोआप शिकणं बंद करवलं. तासांचा निर्णय लागायचा होता. काही मुलं शाल्मलीवर फुरंगटली, ते तिनं सोसलं. पण परीक्षा टळली नव्हती. "कारण कळलं म्हणजे मान वळली असं नाही," बाई म्हणाल्या होत्या. "वळून दाखव."

मामांनी स्कूटर काढली. दोन्ही आरसे त्यांनी आतल्या बाजूला फिरवून ठेवले, म्हणजे त्यात रस्ता नाही, मागे बसलेल्याची मान दिसेल. शाल्मलीला मागे बसवलं.

"आजपासून माझे आरसे तू. मागे काय, बाजूला काय, सगळं सांगायचं. आणि घाबरू नकोस, गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यानंच जायचं."

"उजवीकडे ट्रॅक्टर. मागे... मागे कोणी नाही."

मामा खाकरले. शाल्मलीनं पुन्हा बघितलं, या वेळी कमरेपासून वळून. "अय्या, म्हशी! तीन म्हशी, मामा!"

"चार आहेत," शेजारून जाणारा गुराखी म्हणाला.

रोज संध्याकाळी अशी फेरी होई. काही सुटलं असं वाटलं की मामा खाकरत, आणि ती वळून बघे. मान पुन्हा दुखू लागली, मामीच्या तेलाची बाटली पुन्हा बाहेर आली. हळूहळू खाकरणं कमी झालं. खुर्चीतली शाल्मली आरशाची कडा सोडून कपाटापर्यंत आली, मग दाराच्या चौकटीपर्यंत.

परीक्षेचं विमान चार जागांचं होतं. मामा धावपट्टीच्या कडेला असे काही चुळबुळत उभे होते, की कॅप्टन इनामदारांना दया आली.

"या, मागे बसा. पण एक अट. तोंडातून आवाज काढायचा नाही. खोकला आला तर गिळायचा."

विमान अलगद वर चढलं. खाली केळीच्या बागा हिरव्या सतरंजीसारख्या पसरल्या. मामांना आयुष्यात प्रथमच आपलं गाव वरून दिसत होतं, पण त्यांचे डोळे भाचीच्या वेणीवर खिळले होते. आता डावं वळण यायचं होतं.

आणि त्यांना तो दिसला. डावीकडे, जरा खालून, एका बागेवरून फवारणीचा मोठा ड्रोन वर चढत होता. वळलं तर विमान थेट त्याच्याकडे जाणार होतं. शाल्मली समोर बघत होती. कॅप्टन इनामदारांचा हात मांडीवरून सरकून कंट्रोलच्या अगदी जवळ येऊन थांबला. म्हणजे बाईंनाही तो दिसला होता.

मामांचा घसा खवखवला. एक खाकरणं. फक्त एकदा. पोर झटकन वळेल, ड्रोन दिसेल, परीक्षा पास होईल. इतके दिवस तिची मान त्यांच्या घशावरच तर वळत आली होती!

त्याच क्षणी त्यांना कळलं, की आपणही एक मान्याच होऊन बसलो आहोत. इकडे एवढासा आवाज झाला की तिकडे आख्खी मान वळते. उद्या ती एकटी असेल तेव्हा मागच्या जागेवर कोण खाकरणार? त्यांनी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली आणि आवंढा गिळला. विमान सरळ जात राहिलं. तो क्षण काही केल्या संपेना.

मग शाल्मलीची हनुवटी हलली. ती खांद्यापर्यंत आली, थांबली नाही, खांद्यावरून पलीकडे गेली. हेडफोनची वायर ताणली, वेणी उजव्या खांद्यावर आपटली.

"लेफ्ट..." ती म्हणाली आणि थांबली. "लेफ्ट क्लिअर नाही. ड्रोन आहे, खालून वर येतोय. वळत नाही, सरळ जातेय."

"हं," कॅप्टन इनामदार म्हणाल्या, आणि त्यांचा हात मांडीवर परत गेला.

दोन फेऱ्या झाल्यावर विमान उतरलं, पण पंखे बंद झाले नाहीत. बाईंनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि खाली उतरल्या.

"चला मामा, उतरा."

"मी? का? आता कुठे घसा मोकळा करणार होतो."

"तिला एकटीनं जायचंय. तुम्ही मागे बसलात तर एकटी कशी होईल?"

मामा उतरले. जागेवरून उठताना त्यांनी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे ओठ पुढच्या कामाचे शब्द पुटपुटत होते. धावपट्टीच्या कडेला, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीच्या खांबाजवळ दोघं जाऊन उभी राहिली. मामांनी हात वर केला.

"हात खाली. तिला खूण वाटेल."

मामांनी दोन्ही हात खिशात कोंबले. विमानाच्या काचेमागे शाल्मलीचं तोंड डावीकडे वळलं. पुरतं वळलं. मामा अगदी तिच्या समोर होते. तिची नजर त्यांच्यावर आली, शेजारच्या खांबावर जितकी थांबली असती तितकीच थांबली, आणि वर आभाळात गेली. मग उजवीकडे. बाईंच्या हातातल्या वॉकीटॉकीतून तिचा आवाज आला, शांत, जरासा घोगरा. मग विमान धावू लागलं, आणि चाकांखाली जमीन उरली नाही.

खिशात फोन थरथरला. मामी होती.

"अहो, झालं का? गेली का पोर एकटी?"

"गेली."

"जाताना तुमच्याकडे बघून हात तरी केला का?"

"नाही गं. बघितलं माझ्याकडे, आणि खांबासारखं सोडून दिलं."

"बाई गं! इतकी कशी विसरली?"

"विसरली नाही, कुंदा. तिनं बघितलं. मी होतो तिथे मला बघितलं, आणि पुढे बघायचं होतं तिकडे बघितलं." मामांचा आवाज भरून आला. "फार छान बघितलं तिनं."

"मग रडताय कशाला? हॅलो? अहो!"

विमान डावीकडे वळत होतं. ते नजरेआड होऊ नये म्हणून मामा फोन कानाला तसाच धरून, मान मागे टाकून, जागच्या जागी हळूहळू वळत राहिले.